हरलेल्या डावाची बखर : ‘रीबूट’ आणि खेळात अडकलेली मुले

१/२१
आकाश अचानक काळवंडते. खेळ येत असल्याचा इशारा नगरभर घुमतो. ढगांतून जांभळ्या रंगाचा एक अवाढव्य घन खाली उतरतो आणि वस्तीचा अख्खा भाग गिळून टाकतो. आत सापडलेल्यांपुढे सुटकेचा एकच मार्ग उरतो : खेळ जिंकणे. १० सप्टेंबर १९९४ रोजी, शनिवारी सकाळी, अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘रीबूट’ ही मालिका सुरू झाली. संगणकाच्या पोटात वसलेल्या एका नगराची आणि पुढे खेळातच अडकून पडलेल्या मित्रांची ती कथा होती. तिच्या इतिहासाचा हा धागा.

२/२१
खेळाच्या आत ओढले जाण्याची कल्पना त्याआधीची आहे. १९८२ साली आलेल्या डिस्नेच्या ‘ट्रॉन’ या चित्रपटात एक प्रोग्रामर संगणकात खेचला जातो आणि तेथील खेळांत त्याला जिवाच्या आकांताने लढावे लागते. १७ सप्टेंबर १९८३ रोजी सीबीएस वाहिनीवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ही चित्रमालिका आली. तिचा आधार असलेला खेळ व्हिडिओ गेम नव्हता, तो टेबलाभोवती बसून फाशांनी खेळला जाई. करमणूक उद्यानातील एका गाडीत बसलेली सहा मुले थेट त्या खेळाच्या अद्भुत प्रदेशात जाऊन पडतात आणि भागामागून भाग घराची वाट शोधत राहतात.

३/२१
ती मुले घरी पोहोचलीच नाहीत. २७ भागांनंतर, १९८५ साली, मालिका बंद झाली. लेखक मायकेल रीव्ह्ज यांनी ‘रिक्वियम’ नावाचा समारोपाचा भाग लिहून ठेवला होता, पण तो कधी चित्रित झाला नाही. पुढे १९८९ साली एनबीसीवर ‘कॅप्टन एन’ आली. तिच्यात केव्हिन नावाचा मुलगा दूरचित्रवाणी संचातून व्हिडिओ गेमच्या जगात ओढला जातो. १९९०च्या उंबरठ्यावर या कथाप्रकाराचा साचा असा तयार झाला होता : दर आठवड्याला नवे संकट, दर आठवड्याला सुटका आणि घर मात्र तितकेच दूर.

४/२१
त्या साच्यामागे व्यवहार होता. शनिवार सकाळच्या चित्रमालिकांचे भाग वाहिन्या वर्षानुवर्षे पुन्हा दाखवत, तेही हव्या त्या क्रमाने. त्यामुळे एका भागात काही कायमचे बदलले, तर पुढचा भाग विसंगत ठरे. भाग संपला की पाटी पुन्हा कोरी करावी लागे. व्हिडिओ गेमचाही हाच नियम होता. तीन जीव संपले तर नाणे टाका आणि नव्याने सुरुवात करा. चित्रमालिका आणि खेळ या दोहोंत हरण्याची खरी किंमत कोणालाच मोजावी लागत नसे. ‘रीबूट’ने हा नियम मोडला, पण तो मोडायला तिला 3 वर्षे लागली.

५/२१
कथेची सुरुवात लंडनमध्ये होते. १९८५ साली ‘डायर स्ट्रेट्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘मनी फॉर नथिंग’ या गाण्याची चित्रफीत आली. दिग्दर्शक होते स्टीव्ह बॅरन. फर्निचर उचलणारे दोन ठोकळेबाज कामगार तिच्यात संगणकाने घडवलेले होते आणि ते घडवणाऱ्यांत इयन पिअर्सन व गॅव्हिन ब्लेअर हे दोघे होते. १९८६ साली एमटीव्हीने तिला वर्षातील सर्वोत्तम चित्रफितीचा पुरस्कार दिला. एवढ्या लहानशा कामासाठीही त्या काळच्या यंत्रांची दमछाक होत असे. तरीही संपूर्ण मालिकाच संगणकावर घडवण्याचे स्वप्न या मंडळींनी पाहिले.

६/२१
त्या स्वप्नात मोठी अडचण होती. त्वचा, केस, कापड, पाणी यांचे जिवंतपण संगणकाला साधत नव्हते. माणूस घडवावा तर तो प्लास्टिकच्या बाहुल्यासारखा दिसे. पिअर्सन, ब्लेअर, फिल मिचेल आणि जॉन ग्रेस या चौघांनी या उणिवेतूनच कथा काढली. संगणकाने घडवलेली माणसे संगणकासारखी दिसत असतील, तर त्यांना संगणकातच राहू द्यावे. मग कोणाची त्वचा निळी असली, कोणाची हिरवी असली, सामान्य नागरिक शून्य आणि एक या अंकांच्या आकाराचे असले, तरी प्रेक्षकाला ते खटकणार नव्हते. ती त्या देशाची रीतच ठरली असती.

७/२१
तंत्रज्ञान या कल्पनेला गाठेपर्यंत १९९०चे दशक उजाडले. मंडळींनी कॅनडातील व्हँकुव्हर गाठले. तेथील त्यांचा स्टुडिओ पुढे ‘मेनफ्रेम एंटरटेनमेंट’ या नावाने प्रसिद्ध झाला. सिलिकॉन ग्राफिक्सची यंत्रे आणि सॉफ्टइमेज ही प्रणाली यांच्या बळावर काम उभे राहिले. फ्रान्समध्ये त्याच सुमारास ‘इन्सेक्टर्स’ ही लहान भागांची संगणकनिर्मित मालिका तयार होत होती. पूर्ण अर्ध्या तासाच्या भागांची पहिली संगणकनिर्मित मालिका हा मान मात्र सामान्यतः ‘रीबूट’ला दिला जातो. पिक्सारचा ‘टॉय स्टोरी’ पडद्यावर आला २२ नोव्हेंबर १९९५ रोजी, म्हणजे त्यानंतर 14 महिन्यांनी.

८/२१
नगराचे नावही मेनफ्रेम. तेथे डॉट मॅट्रिक्स नावाची कर्तबगार तरुणी उपाहारगृह चालवते. तिचा धाकटा भाऊ एन्झो. नगराच्या रक्षणासाठी बाहेरून आलेला रक्षक बॉब, कारभार पाहणारा वृद्ध फाँग आणि एन्झोचा कुत्रा फ्रिस्केट. शत्रू दोन, दोघेही व्हायरस : शिस्तबद्ध, सत्तापिपासू मेगाबाइट आणि लहरी हेक्साडेसिमल. प्रत्येक नागरिकाच्या अंगावर एक बिल्ला असतो. खेळाच्या घनात सापडल्यावर बिल्ल्यावर दोनदा टिचकी मारली की त्या खेळाला साजेसे रूप मिळते. मालिकेचे नाव या क्रियेवरून आले.

९/२१
या कथेची खरी गंमत तिच्या बाजूत आहे. मेनफ्रेमवर खेळ लादणाऱ्या अदृश्य शक्तीला तेथील लोक ‘युजर’ म्हणतात. युजर म्हणजे घरात संगणकापुढे बसून खेळणारी व्यक्ती, बहुधा ही मालिका पाहणाऱ्या मुलांसारखीच. त्याच्या मनात दुष्टावा नाही. आपण कोणाशी लढत आहोत, हे त्याला ठाऊकही नाही. आजवर खेळाची गोष्ट खेळणाऱ्याच्या बाजूने सांगितली जात होती. ‘रीबूट’ने ती सारीपाटावरील सोंगटीच्या बाजूने सांगितली. विजेत्यांनी लिहिलेल्या इतिहासाखाली पराभूतांचा इतिहास दबलेला असतो, असे जे म्हटले जाते, ते येथे लहान मुलांच्या कार्यक्रमात साक्षात घडत होते.

१०/२१
युजर जिंकला तर काय होते, हेही पहिल्यापासून स्पष्ट होते. घन उतरलेला भाग उद्ध्वस्त होतो आणि आतील नागरिकांचे ‘नल’ होतात. संगणकाच्या परिभाषेत नल म्हणजे रिक्त. मालिकेत ते अळीसारखे, वाचा आणि स्मृती गमावलेले जीव आहेत. डॉट आणि एन्झो यांचे वडील असेच एका जुन्या दुर्घटनेत नल झालेले. संपूर्ण जुळे शहर त्या दुर्घटनेत नाहीसे झाले. म्हणजे हसत्याखेळत्या कथेच्या मुळाशी एक मोठा विध्वंस आणि दोन पोरकी भावंडे होती. पहिल्या पर्वात मात्र ही जाणीव काठावरच राहिली. बॉब आणि मित्र खेळ जिंकत आणि पाटी पुन्हा कोरी होई.

११/२१
हा काळ अमेरिकेत खेळांविषयीच्या धास्तीचा होता. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधील रक्तपात आणि ‘नाइट ट्रॅप’मधील दृश्ये यांवरून ९ डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली. जो लीबरमन आणि हर्ब कोल हे सिनेटर त्यात आघाडीवर होते. त्या दबावाखाली उद्योगाने १९९४ साली खेळांचे वयानुसार वर्गीकरण करणारे मंडळ स्थापन केले. मुलांच्या दूरचित्रवाणीवर तर १९९०च्या बालकार्यक्रमविषयक कायद्याने आधीच लक्ष ठेवले होते. अशा वातावरणात व्हिडिओ गेमच्या आत लढणाऱ्यांची मालिका वाहिनीला फार जपून दाखवावी लागणार होती.

१२/२१
एबीसीच्या मानकविभागाची कात्री सतत चालू असे. डॉटच्या देहाकृतीवर आक्षेप आले. एन्झोच्या वाढदिवसाच्या भागात बहिणीने भावाचा पापा घेण्यावरही हरकत घेतली गेली. निर्मात्यांनी या प्रकाराचा सूड विनोदाने घेतला. ‘टॅलेंट नाइट’ या भागात त्यांनी एक कडक परीक्षक बाई आणली. कलाकार रंगमंचावर आपापली कला दाखवतात आणि ती एकेकाला नापसंत करत जाते. मुलांना तो निव्वळ धांगडधिंगा वाटला असेल. घरातील मोठ्यांना मात्र रोख कोणावर आहे ते समजले असावे.

१३/२१
१९९५च्या जुलैअखेरीस डिस्नेने एबीसीची मालक असलेली कंपनी विकत घेण्याची घोषणा केली. १९९६च्या प्रारंभी तो व्यवहार पूर्ण झाला. शनिवार सकाळ आता डिस्नेच्या स्वतःच्या मालिकांसाठी हवी होती. २ पर्वांनंतर, एकूण २३ भागांवर, एबीसीने ‘रीबूट’चा हात सोडला. अमेरिकेची मोठी वाहिनी गेली म्हणजे पैसा गेला, प्रेक्षक गेले. कात्रीही गेली. कॅनडातील वायटीव्ही ही वाहिनी सोबत राहिली आणि तिच्या आधाराने १९९७ साली तिसरे पर्व उभे राहिले.

१४/२१
दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मालिकेने स्वतःला कोंडीत पकडून ठेवले होते. मेगाबाइट दगा देतो आणि बॉबला वेब नावाच्या अराजक पोकळीत फेकून देतो. रक्षक गेला. त्याच्या जागी उभा राहतो नुकताच शिकाऊ रक्षक झालेला एन्झो, म्हणजे एक पोरगा. त्याच्याजवळ एक मैत्रीण आहे : अँड्रिआ. ती मेनफ्रेमची नाही, एका समुद्रतळाच्या खेळातील पात्र आहे. एन्झोशी जडलेल्या मैत्रीखातर तिने आपली प्रत त्याच्या बिल्ल्यात उतरवली आणि ती खेळाबाहेर आली. तिच्या नावाच्या इंग्रजी अक्षरांत ‘ए’ आणि ‘आय’ ही दोन अक्षरे मुद्दाम ठळक लिहिली जात.

१५/२१
तिसऱ्या पर्वाचा चौथा भाग ‘गेम ओव्हर’. घन उतरतो. आत एन्झो, अँड्रिआ आणि फ्रिस्केट. खेळ हाणामारीचा, सिनेटमध्ये ज्यावर वाद झाला होता त्या जातीचा. एन्झो जिद्दीने लढतो, त्याच्या एका डोळ्याला भयंकर इजा होते आणि युजर जिंकतो. नल होण्यापासून वाचायचे तर एकच उपाय उरतो. अँड्रिआ आपल्या सगळ्यांच्या बिल्ल्यांचे रूप बदलून त्यांना खेळातील पात्रे करून टाकते. जीव वाचतो, पण खेळ संपल्यावर घन त्यांना घेऊनच आकाशात निघून जातो. खाली डॉट उभी आहे. तिच्या लेखी धाकटा भाऊ संपलेला आहे.

१६/२१
यापुढची कथा खऱ्या अर्थाने खेळात अडकलेल्या मित्रांची आहे. घरी जायचे तर एका खेळातून दुसऱ्यात शिरत, दर वेळी नवे रूप घेत, एखादा खेळ पुन्हा मेनफ्रेमवर उतरेल या आशेने फिरत राहायचे. वाट माहीत नाही, अंतर माहीत नाही. शिवाय खेळात काळ वेगाने धावतो. पुढचा भाग सुरू होतो तेव्हा प्रेक्षकांपुढे लहानगा एन्झो नसतोच. दणकट बांध्याचा, एक डोळा यांत्रिक असलेला, कमरेला बंदूक लावलेला तरुण उभा असतो. एन्झो म्हटलेले त्याला खपत नाही. तो स्वतःला मॅट्रिक्स म्हणवतो. त्याच नावाचा प्रसिद्ध चित्रपट यायला अजून दोन वर्षे होती.

१७/२१
चित्रमालिकांतील मुले वाढत नाहीत, हा अलिखित करार होता. पडद्यामागे परिस्थिती वेगळी असे. एन्झोला निरनिराळ्या पर्वांत निरनिराळ्या मुलांनी आवाज दिला. पडद्यावरचा मुलगा तेवढाच राही, ध्वनिमुद्रणाच्या खोलीतली मुले मात्र मोठी होत. ‘गेम ओव्हर’नंतर तो करार संपला. पहिल्या पर्वाच्या वेळी आठ वर्षांचा असलेला प्रेक्षक आता अकराचा झाला होता. तोही वाढला होता, त्याचाही आवाज लवकरच फुटणार होता. हरण्याचे परिणाम टिकतात आणि गेलेला काळ परत मिळत नाही, हे त्याला शिकवणीच्या सुरात कोणी सांगितले नाही. त्याने ते एन्झोच्या चेहऱ्यावर पाहिले.

१८/२१
मॅट्रिक्स आणि अँड्रिआ अखेर वेबमध्ये बॉबला शोधून काढतात आणि मेनफ्रेमला परततात. नगर तोवर मेगाबाइटच्या टाचेखाली भग्न झालेले असते. मेगाबाइट हरतो, पण यंत्रणाच कोसळते आणि युजर संगणक पुन्हा सुरू करतो. ज्या युजरची भीती होती, त्याच्याच हातून नगर वाचते. सर्व काही पूर्ववत होते, फक्त एक घोटाळा उरतो. मॅट्रिक्सचा बिल्ला अजून खेळातील पात्राच्याच रूपात असतो, म्हणून यंत्रणा त्याला ओळखत नाही. नोंदीतला एन्झो हरवला आहे असे समजून ती नवा एन्झो घडवते. डॉटला तिचा लहान भाऊ मिळतो. भटकून भटकून घरी आलेला भाऊ त्याच्या शेजारी उभा असतो, थोरला आणि जखमी.

१९/२१
‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सहा मुलांपुढे प्रश्न होता, घरी कसे जायचे. ‘रीबूट’ने त्यापुढचा प्रश्न विचारला : घरी पोहोचणारा तोच असतो का? रिकामी जागा भरून निघते, पण जो गेला होता त्याच्यासाठी ती जागा शिल्लक राहत नाही. युद्धावरून, दुष्काळातून, स्थलांतरातून परतलेल्यांच्या कहाण्या वाचणाऱ्यांना हा अनुभव अनोळखी वाटू नये. १९९९ साली कार्टून नेटवर्कच्या ‘टूनामी’ने हे पर्व अमेरिकी मुलांपर्यंत नेले. त्याच वर्षी जपानमध्ये ‘डिजिमॉन अॅडव्हेंचर’ आली. पुढे फ्रान्सची ‘कोड लायोको’ (२००३), डिस्नेचा ‘रेक-इट राल्फ’ (२०१२), ‘जुमांजी’चा व्हिडिओ गेमवाला अवतार (२०१७) अशी ही परंपरा वाढत गेली.

२०/२१
‘रीबूट’च्या नशिबी मात्र समारोप नव्हता. २००१ साली दोन दूरचित्रपटांच्या रूपाने चौथे पर्व आले. त्याच्या अखेरीस मेगाबाइट नगराचा ताबा घेतो आणि कथा तेथेच थांबते. पुढचा भाग निघालाच नाही. २०१८ साली ‘द गार्डियन कोड’ ही नवी मालिका आली, पण तिनेही तो जुना पेच सोडवला नाही. मूळ भागांच्या उत्तम प्रती डी-१ नावाच्या जुन्या अंकीय फितींवर होत्या. अलीकडे मालिकेवर माहितीपट करणाऱ्यांना त्या फिती सापडल्या, पण त्या वाचू शकणारे चालू स्थितीतील यंत्र मिळवणे हीच मोठी मोहीम होऊन बसली. संगणकात अडकलेल्या मुलांची कथा कालबाह्य फितींत अडकून पडली होती.

२१/२१
इतिहासाचे साधन म्हणजे ताम्रपट, बखरी आणि दप्तरे एवढेच मनात येते. १९९४ सालची चुंबकीय फीतही आता साधन झाली आहे. मोडी लिपीतील कागद वाचण्यासाठी जसा जाणकार लागतो, तसे या फितीसाठी जुने यंत्र आणि ते दुरुस्त करू शकणारे हात लागतात. तीस वर्षांपूर्वी एका मोठ्या वाहिनीने सोडून दिलेली मुलांची मालिका कोणीतरी जपावी असे ठरवले, म्हणून ती उरली. मेनफ्रेममध्ये डॉटने आपला भाऊ गेला असे मानले होते, तरी तो खेळामागून खेळ पार करत परत आला. त्याची बखर पुढच्यांच्या हाती पोहोचेल की नाही, हे आता फिती सांभाळणाऱ्यांवर अवलंबून आहे.

लेखनसीमा.